12 लाख आणि कायम नोकरी, दोन्ही एकदम मिळत नाहीत

खटाव तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आहे. मुलगा 19 वर्षांचा, बारावी झालेला, सैन्यात अग्निवीर म्हणून, म्हणजे चार वर्षांच्या नोकरीसाठी, निवडला गेला आहे आणि दोन आठवड्यांत ट्रेनिंगला जाणार आहे. विचारलंय एवढंच: चार वर्षांनी मिळणारे 12 लाख एफडीत ठेवावेत की प्लॉट घ्यावा?

त्याच पत्रात जाता जाता आणखी काही लिहिलंय. मुलाच्या लग्नाआधी घर व्हावं म्हणून पतसंस्थेचं 8 लाखांचं कर्ज मंजूर करून घेतलंय, 12 टक्क्यांनी, 10 वर्षांसाठी. पहिले 3 लाख उचलून पाया भरला. गावातल्या एजंटने मुलाच्या नावे ‘खास जवानांसाठीची’ पॉलिसी दिली, महिना 6,000, 20 वर्षे, मृत्यूनंतर 10 लाख. तिचे कागद येऊन वीस दिवस झालेत. आणि शेवटी: ‘चार वर्षांनी तो कायम होईलच, मग हप्त्यांची काळजी नाही.’

प्लॉटचं नंतर बघू. या शेवटच्या वाक्यावर तुमचा सगळा हिशेब उभा आहे आणि तो चुकलाय.

अग्निवीराच्या पगारातून दरमहा 30 टक्के सेवा निधीत जातात; चार वर्षांनी मिळणारे ते 12 लाख याच निधीचे. पहिल्या वर्षी 30,000 मधले 9,000, पुढे 9,900, मग 10,950, चौथ्या वर्षी 12,000. चार वर्षांत त्याचे 5.02 लाख. सरकार तेवढेच घालतं, म्हणून 10.04 लाख, व्याजासह 11.71 लाखांच्या आसपास, करमुक्त. पण ही पूर्ण रक्कम चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्याची. जो कायम होतो त्याला फक्त स्वतःचा वाटा व्याजासह मिळतो, म्हणजे पावणेसहा-सहा लाख. सरकारचा वाटा नाही. तुम्ही 12 लाखही धरलेत आणि कायम पगारही धरलात. मुलाच्या हाती यातलं एकच येणार.

शिवाय कायम घेतात ते जास्तीत जास्त 25 टक्के, गुणवत्तेवर. चारातला एक. बाकी तिघे 23-24 व्या वर्षी घरी येतात. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. मुलगा मेहनती असेल, पण त्याच्या तुकडीतली बाकीची मुलंही मेहनतीच असतात. चार वर्षांच्या पगारावर 10 आणि 20 वर्षांचे हप्ते बांधू नका.

आता पॉलिसी, कारण तिथे दिवस मोजके उरलेत. सेवेत असेपर्यंत मुलाला 48 लाखांचा विमा सरकार देतं, त्यासाठी एक रुपया भरावा लागत नाही. सेवेमुळे मृत्यू आला तर वर 44 लाखांचं सानुग्रह अनुदान वेगळं. त्यावर 10 लाखांच्या विम्यासाठी महिना 6,000? एजंट म्हणतो 20 वर्षांनी 25 लाख मिळतील. भरणार 14.40 लाख, परतावा दरसाल जेमतेम 5 टक्के. घरात 12 टक्क्यांचं कर्ज असताना 5 टक्क्यांची बचत! चार वर्षांनी मोडायची झाली तर 2.88 लाखांपैकी हमी निम्म्याचीच, प्रत्यक्षात थोडं जास्त मिळालं तरी घाटाच. हे विकणाऱ्याला तुमच्या मुलाची नोकरी चार वर्षांची आहे हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून राग येतो.

कागद मिळाल्यापासून 30 दिवसांत पॉलिसी परत करता येते, याला फ्री लूक म्हणतात. उरलेत दहा. पॉलिसी मुलाच्या नावे आहे, तेव्हा सही त्याचीच लागेल आणि तो ट्रेनिंगला जायच्या आत. अर्ज, मूळ पॉलिसी आणि रद्द केलेला चेक घेऊन कंपनीच्या शाखेत जा, तारखेच्या शिक्क्याची पोच घ्या. एजंटच्या हाती कागद देऊ नका; तो ‘पुढच्या सोमवारी बघू’ म्हणेल आणि मुदत संपेल. थोडा खर्च कापून पैसे परत येतात. मुदत हुकलीच तर भरलेले गेले समजा आणि पुढचे भरू नका.

घराची घाई कशाला? सेवेच्या चार वर्षांत अग्निवीराला लग्न करता येत नाही, ती अटच आहे. उरलेले 5 लाख उचलू नका. 8 लाखांचा हप्ता साडेअकरा हजार पडतो. त्यात पॉलिसीचे 6,000 मिळवा, म्हणजे हातात येणाऱ्या 21,000 मधून उरले साडेतीन हजार. आणि चार वर्षांनंतर 5.87 लाख देणं शिल्लक. उलट 3 लाखांवर थांबून पतसंस्थेकडून मुदत चार वर्षांची करून घेतली तर हप्ता 7,900, आणि मुलाची सेवा संपेल त्याच सुमारास कर्जही संपेल. त्या 3 लाखांतलं काही उरलं असेल तरच पायावर तूर्त दोन खोल्या उभ्या करा.

राहणं, जेवण, कपडे सरकारी, त्यामुळे मुलाला बचत जमते. 7,900 घरी, 8,000 त्याच्या स्वतःच्या नावाच्या आरडीत, 5,000 त्याला. साडेसहा टक्क्यांनी चार वर्षांत आरडीचे 4.39 लाख होतात. पगार वाढेल तशी आरडी वाढवा. सेवा निधी मधेच काढता येत नाही, म्हणून अडीअडचणीला हीच रक्कम. त्याने मधेच स्वेच्छेने सोडलं तर सरकारचा वाटा जातो, हेही त्याला सांगून ठेवा.

प्लॉट नको. बाहेर पडला तर सेवा निधीच्या पैशांतले साडेतीन-चार लाख महिना 15,000 प्रमाणे दोन वर्षे त्याच्या खर्चाला लागतील, ते एफडीत. बाकीचं दुसरी नोकरी लागल्यावर ठरवा, आणि ठरवेल तो, कारण पैसे त्याचे आहेत.

दुसऱ्या नोकरीसाठी त्याच्याकडे आज फक्त बारावी आहे. पोलीस भरतीला ती चालते, खुल्या गटात 28 वर्षांपर्यंत वय असतं. केंद्रीय सशस्त्र दलांत माजी अग्निवीरांना आरक्षण आहे. पण तलाठी किंवा फौजदार व्हायचं तर पदवी लागते. इग्नू या मुक्त विद्यापीठाचा अग्निवीरांसाठी पदवी अभ्यासक्रम आहे, त्यात निम्मे श्रेयांक (क्रेडिट) सेवेतल्या प्रशिक्षणाचे धरतात. ट्रेनिंग संपून युनिटमध्ये गेला की त्याने शिक्षण विभागात चौकशी करून पहिल्याच वर्षी नाव घालावं. तिसऱ्या वर्षी घातलं तर पदवी हातात यायच्या आत तो घरी आलेला असेल.