साडेसातचं लेक्चर आणि इतर अडचणी

प्रश्न : मी चिपळूणची, राहते बदलापूरला मावशीकडे. माटुंग्याच्या कॉलेजात बीकॉमच्या पहिल्या वर्षाला आहे. फास्ट लोकलनं दादरला उतरते आणि एक स्टेशन मागे येते. त्यात साडेसातचं लेक्चर आठवड्यातून तीनदा तरी चुकतं. बाकीच्या सगळ्या तासांना मी हजर असते. तरी हजेरीचा प्रश्न येईल का?

येईल. मुंबई विद्यापीठाच्या नियमात दोन आकडे आहेत आणि मुलं नेमका एकच लक्षात ठेवतात. सगळ्या विषयांची मिळून सरासरी ७५ टक्के हवी. शिवाय प्रत्येक विषयात वेगळी किमान ५० टक्के. चार क्रेडिटच्या विषयाची सत्रात साधारण ६० लेक्चर्स होतात. समज, आठवड्याची चारही लेक्चर्स साडेसातलाच आहेत आणि त्यातली तीन तू चुकवतेस. पंधरा आठवड्यांत ४५ गेली, उरली १५, म्हणजे २५ टक्के. सरासरी इतर विषय भरून काढतील, हा विषय मात्र अडकेल. तेव्हा आधी टाइमटेबल घेऊन बस आणि साडेसातला रोज एकच विषय येतो की वेगवेगळे, ते पाहा. आजारपणात तास बुडाले तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र त्याच आठवड्यात ऑफिसात दे. डिफॉल्टरची, म्हणजे हजेरी कमी पडलेल्यांची, यादी लागल्यावर आणलेल्या कागदाकडे कोणी फारसं बघत नाही, आणि ते चूकही नाही.

आता दादरचं. तुझा पास बदलापूर ते माटुंगा असेल तर माटुंगा ते दादर आणि परत हा प्रवास विनातिकीट ठरतो. टीसीनं पकडलं तर ‘फास्ट थांबतच नाही हो’ हे कारण चालत नाही. माटुंग्याला स्लोच थांबते, म्हणून गाडी आधीच बदलायची. बहुतेक जणी कुर्ल्याला बदलतात. आम्ही ठाणं सुचवू. सीएसएमटीकडे जाणाऱ्या काही स्लो गाड्या ठाण्याहूनच सुटतात, त्यात बसायला मिळण्याची शक्यता बरीच जास्त. पुढची साधारण चाळीस मिनिटं मांडीवर वही ठेवून जातात. घरातून मात्र वीसेक मिनिटं लवकर निघावं लागेल.

विद्यार्थी सवलतीचा पास अजून काढला नसशील तर कॉलेजच्या खिडकीवरून कन्सेशन फॉर्म घे. खुल्या प्रवर्गाला निम्मी सवलत मिळते, अनुसूचित जाती-जमातींना ७५ टक्के. पास घराजवळच्या स्टेशनापासून कॉलेजजवळच्या स्टेशनापर्यंतच मिळतो. फॉर्मवर ‘माटुंगा’च लिहिलंय ना, ते तिथेच उभं राहून वाच, ‘माटुंगा रोड’ पश्चिम रेल्वेवर आहे. खाडाखोड झालेला फॉर्म तिकीट खिडकीवर परत येतो, तेव्हा दुरुस्ती करत बसू नकोस, नवा माग. आधारवर पत्ता चिपळूणचा असेल तर मावशीच्या घरचं वीजबिल आणि तिचं पत्र चालेल का, हे आधी क्लार्कना विचारून घे. तिमाही पास तीन मासिक पासांपेक्षा स्वस्त पडतो आणि रांगही तीनदा लागत नाही.

प्रश्न : बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो. आता अर्थशास्त्राचं लेक्चर इंग्रजीत असतं. सर बोलतात ते सगळं लिहून घेतो, पण खोलीवर येऊन वाचलं की काहीच लागत नाही.

सगळं लिहून घेतोस, अडचण तिथेच आहे. हात चालू असतो तेव्हा कान बंद होतात.

बारावीचं अर्थशास्त्राचं पुस्तक रद्दीत दिलं नसशील तर बरं. बालभारतीची पुस्तकं दोन्ही माध्यमांची, फुकट, पीडीएफमध्ये मिळतात आणि धडे त्याच क्रमानं असतात. ‘मागणीची लवचिकता’ हा धडा मराठीत उघड, शेजारी इंग्रजी माध्यमाचा तोच धडा ठेव. परिच्छेदाला परिच्छेद जुळतो. जो आशय तुला आधीच येतो त्याचं इंग्रजी नाव शिकणं हे नव्यानं अर्थशास्त्र शिकण्यापेक्षा खूप सोपं आहे. शब्दकोशापेक्षा हे कामाचं, कारण शब्दकोशात ‘इलॅस्टिक’ म्हणजे नाडीसुद्धा असते.

वहीच्या पानावर डावीकडून एक तृतीयांश जागा सोडून रेघ मार. लेक्चर चालू असताना उजव्या भागात फक्त मुद्दे, आकृती आणि उदाहरण घे. आकृती सोडू नकोस. मागणी वक्र उतरता का, हे चित्रावरून दोन दिवसांनीही आठवतं. न कळलेला शब्द ऐकू येईल तसा देवनागरीत लिही, त्याला गोल कर आणि पुढे जा. संध्याकाळी डाव्या भागात त्या शब्दाचं इंग्रजी स्पेलिंग आणि मराठी नाव लिहायचं : मार्जिनल युटिलिटी, सीमांत उपयोगिता. हे त्याच दिवशी व्हायला हवं. तीन दिवसांनी ‘मार्जनल यूटी’ असं लिहिलेलं तुझं तुलाच वाचता येणार नाही.

एका तासाला आठ-दहा गोल येणं पहिल्या महिन्यात साहजिक आहे. सहाव्या आठवड्यानंतरही तितकेच येत असतील तर वही घेऊन सरांकडे जा. ‘काही कळत नाही’ असं म्हणू नकोस, गोल केलेला शब्द दाखव. बोट ठेवून विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळतं.

कला आणि वाणिज्य शाखेच्या बऱ्याच विषयांचा पेपर मराठीतून लिहिता येतो. तुझ्या विषयांना ते लागू आहे का, हे परीक्षा विभागात विचार, आणि सत्र संपताना नव्हे, आत्ता.

प्रश्न : मुलीचा महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरला, पण पैसे आले नाहीत. कुठे चौकशी करावी? (एक पालक, रत्नागिरी)

आधी पोर्टलवर अर्ज कुठे थांबलाय ते पाहा. ऑनलाइन अर्ज भरल्यावर त्याची प्रत आणि कागदपत्रं कॉलेजात तपासावी लागतात. बरेच अर्ज कॉलेजच्या टेबलावरच पडून असतात. मुलीनं शिष्यवृत्तीच्या क्लार्कना भेटून अर्ज क्रमांक दाखवावा.

अर्ज मंजूर होऊनही पैसे नसतील तर बँकेत जा. खात्याची केवायसी आधारनं झालेली असणं वेगळं आणि सरकारी पैसे जमा होण्यासाठी आधार खात्याला जोडलेलं असणं वेगळं. मुलीची दोन खाती असतील तर रक्कम आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. म्हणून गावचं जुनं पासबुकही एकदा भरून आणा.