ड्रॉइंग कुणाचं?

पोरा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. बेळगावच्या उद्यमबागेत व्हीएमसी, म्हणजे धातू कापणारं संगणकी मशीन, टाकावं, वाळूचे साचे छापणारा थ्रीडी प्रिंटर घ्यावा, की पुण्याची नोकरी धरावी? सोबत सरकारी योजनांची यादीही जोडलीस. मशीनची किंमत मला विचारू नकोस, ती विकणारा सांगेल. मला एवढंच सांग, ड्रॉइंग, म्हणजे मालाचा आराखडा, कुणाचं असणार?

बावीस वर्षं मी फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, जॉबवर्क केलं; गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगवर माल ओतून द्यायचा. एका व्हॉल्व्ह बॉडीत फ्लँजपाशी श्रिंकेज यायचं, म्हणजे धातू आकसून पोकळी पडायची. जादा धातू पुरवणारा रायझर सरकवला, धातू आत जायची वाट, म्हणजे गेटिंग, बदललं, चार महिने रात्री भट्टीजवळ काढल्या. रिजेक्शन थांबलं. मग गिऱ्हाइकानं पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा करतात तो नमुना, परत मागितला, मी दिला. पॅटर्न त्याचाच होता. सुधारणा माझी होती, पण ती कुठं लिहिलेली नव्हती. सहा महिन्यांत काम दुसऱ्या फाउंड्रीत गेलं.

तू म्हणशील, काका, अडवायचा होता. तीस कामगारांचा पगार आणि बँकेचा हप्ता डोक्यावर असताना कुणी अडवत नाही. पॅटर्न दिला ते चुकलं, असं मी आजही म्हणणार नाही. लिहून ठेवलं नाही, ते चुकलं.

लाकडी पॅटर्न निदान कपाटात दिसायचा. आता साचा थेट फाइलवरून छापतात. फाइल ज्याची, माल त्याचा. 2020 पासूनच्या उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजनेत 14 क्षेत्रं आहेत, 1.97 लाख कोटींची तरतूद आहे. पण पैसा मिळतो तो मुख्यतः वाढलेल्या विक्रीवर. 2011 च्या राष्ट्रीय उत्पादन धोरणात उत्पादनाचा वाटा जीडीपीच्या 25 टक्क्यांवर न्यायचा होता, तो 17 च्या आसपासच घुटमळला. बेळगावजवळच्या हत्तरगीच्या सेझमध्ये, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रात, विमानाचे सुटे भाग होतात, हात आपल्याच पोरांचे. ड्रॉइंग कुणाचं? समुद्रापलीकडचं. धोरण करणाऱ्यांनी हा प्रश्न आधी विचारायला हवा होता.

आपण सीमाभागातले, म्हणून सतत बघतो, बंगळूर देईल की मुंबई. ते दुखणं खरंच आहे, मीही त्यात तरुणपण घातलं. पण लक्ष्मणराव किर्लोस्कर याच बेळगावात सायकलच्या दुकानापासून उभे राहिले. कडबा कापायचं यंत्र, लोखंडी नांगर त्यांनी स्वतःच्या नावानं विकला. 1910 मध्ये कुंडलच्या माळावर गेले, तेव्हा ते नाव सोबत गेलं.

मामाच्या शहापूरच्या वर्कशॉपात तू इंपेलरची, म्हणजे पंपातल्या फिरत्या चाकाची, पाती बदलून बघितलीस ना? त्याची फाइल, मापं, तारीख, फसलेले प्रयोगसुद्धा, सगळं घेऊन रविवारी नऊला ये. प्रिंटरचं नंतर बघू.

तुझा,
काका