पुढच्या पिढीसाठी मुलंच कमी होऊ द्यावीत का?

'लोकसंख्या वाढते म्हणून कोळसा जाळावा लागतो, मग मुलंच कमी होऊ द्यावीत' हे तुमचं वाक्य वाचलं आणि माझे पुण्याचे साडू आठवले. शब्दन् शब्द तेच.

आम्ही विदर्भात राहतो, औष्णिक वीजकेंद्रापासून पाच-सहा किलोमीटरवर. इथे कपडे वाळत घालण्याआधी दोरी ओल्या फडक्यानं पुसतात. साडूंना ते कुठून ठाऊक असणार! मे महिन्यात लग्नाला आले, रात्री पांढरा झब्बा धुऊन गच्चीवर टाकला. सकाळी दोरीची काळी रेघ बरोबर पोटावर, खांद्यांवर करडी भुकटी. झब्बा झटकत म्हणाले, "माणसं वाढवून ठेवता, मग दुसरं काय होणार!" आणि नजर माझ्या तीन पोरांवर. पाहुणा माणूस म्हणून तेव्हा गप्प बसलो. आता बोलतो.

त्यांना मुलगा एक, घरात एसी तीन. जुना दीड टनी एसी रात्रीत दहाएक युनिट सहज खातो. कोळशाच्या विजेला युनिटमागे 700 ग्रॅम धरा, झाले 7 किलो. आपल्या कोळशात तिसरा हिस्सा राखच असते. म्हणजे एका रात्रीची, एका एसीची, दोन किलोच्या वर राख. ती काही पुण्यात पडत नाही. इथल्या राखेच्या तळ्यात साचते आणि उन्हाळ्यात वाऱ्यावर उडते. आमच्याकडे एक कूलर, त्याच्यापुढे पाच जण झोपतो.

मुलांचं म्हणाल तर 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर, म्हणजे एका बाईला सरासरी होणारी मुलं, 1.7 आहे. लोकसंख्या आहे तेवढी राहायला 2.1 लागतो. जन्म कधीच घटलेत, विजेची मागणी कुठे घटली? बिहारचा आकडा 3 च्या जवळ आहे, मान्य. पण तिथला माणूस वीज वापरतो किती?

पुढच्या पिढीची एवढी काळजी असेल तर छतावर सोलर बसवा. 3 किलोवॅटला केंद्राचं 78,000 रुपये अनुदान आहे. मी बसवलंय. साडूंना दोनदा सांगितलं, तर म्हणे गच्ची कार्यक्रमांना लागते. अर्थात रात्री माझाही कूलर कोळशावरच चालतो, ते लपवत नाही.

आणि तिसऱ्या पोराचं म्हणाल, तर दुसऱ्या खेपेला जुळी झाली. त्यातलं एक परत करायचं होतं का?