दहा महिन्यांच्या बाळासाठी गाडीत वेगळं सीट खरंच लागतं का? आणि डॅशबोर्डवरची कुठली चिन्हं आधी शिकावीत?

ताई, तुम्ही लिहिलंय ते असं: सेकंडहँड हॅचबॅक घेतली, माहितीपुस्तक मिळालं नाही, डॅशवर कुठले कुठले लाईट लागतात ते कळत नाही. दर महिन्याला पाथर्डी फाट्याहून ठाण्याला माहेरी जाणं असतं. घरचे म्हणतात, बाळ पुढच्या सीटवर आईच्या मांडीत बसेल, बेबी सीटवर एवढे पैसे घालायची गरज नाही.

मी नाशिकमध्येच गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये काम करतो. चिन्हांचं खाली सांगतो, पण मांडीचं आधी. मांडीवर नको, आणि पुढच्या सीटवर तर अजिबात नको.

हिशेब साधा आहे. ताशी 50 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ 14 मीटर. त्या वेगाने आदळलेली गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली असं धरा. तेवढ्या वेळात 10 किलोचं बाळ सरासरी 140 किलोच्या जोराने पुढे ओढलं जातं, आणि मधला एखादा क्षण त्याहून जास्त. कुठल्याही आईच्या हातात तेवढी पकड नसते. प्रेम कमी पडत नाही, स्नायू कमी पडतात. आईने स्वतःचा पट्टा लावला नसेल तर तिचं वजन बाळावर येतं. एकच पट्टा दोघांभोवती लावला तर तो बाळाच्या पोटात रुततो.

पुढे बसवलं तर त्यात एअरबॅगची भर पडते. ती डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते आणि मोठ्या माणसाची छाती समोर आहे असं धरूनच तिची रचना केलेली असते. पुढच्या सीटवरचं सन व्हायझर खाली करा. उलट्या तोंडाच्या बेबी सीटवर लाल काट असलेलं चित्र दिसेल. गाडीतलं पहिलं चिन्ह शिकायचं ते हेच. काही गाड्यांत प्रवाशाची एअरबॅग चावीने बंद करता येते. डावं दार उघडलं की डॅशबोर्डच्या कडेला किंवा ग्लोव्ह बॉक्समध्ये ती खाच असते, आणि बंद केल्यावर डॅशवर तसा लाईट लागून राहतो. तरीही बाळाची जागा मागेच.

आता सीट घेतलं म्हणजे झालं, असंही नाही. गेल्या हिवाळ्यात निफाडकडची एक गाडी आमच्याकडे आली होती. तक्रार एवढीच, ‘मागचं बेबी सीट हलतं’. मूल सव्वा वर्षाच्या आतलं, सीट चांगल्या कंपनीचं, आणि बसवण्यातल्या बहुतेक सगळ्या चुका त्या एकाच गाडीत झालेल्या. पालक काळजी घेणारे होते, त्यांना कोणी दाखवलंच नव्हतं.

पहिली चूक त्यांची नव्हतीच. बाहेरून शिवून घेतलेल्या जाड सीट कव्हरने पाठ आणि बैठक यांच्यामधली फट पूर्ण झाकली होती. त्यामुळे गाडीत आयसोफिक्स, म्हणजे बेबी सीट थेट अडकवायच्या गाडीतल्याच कड्या, नाहीत असं धरून त्यांनी सीट बेल्टने बांधलं होतं. कव्हर सोडलं, फटीत हात घातला, तर दोन जाड लोखंडी कड्या जागेवर होत्या. तुम्हीही हेच करून बघा. मागच्या कडेच्या सीटवर, पाठ आणि बैठक जिथे मिळतात तिथे बोटं घाला. एका जागेसाठी दोन कड्या असतात, आणि बऱ्याच गाड्यांत त्यांच्यावर बेबी सीटचं चित्र असलेला छोटा बिल्ला असतो. कव्हरबद्दल एक सांगायचं राहायला नको: ज्या गाडीच्या पुढच्या सीटच्या कडेला एअरबॅगचं लेबल शिवलेलं आहे, तिथे साधं जाड कव्हर चढवू नका. बाजूची एअरबॅग तिथूनच बाहेर येते.

दुसरी चूक टॉप टेदरची. म्हणजे सीटच्या डोक्याकडून मागे जाणारा तिसरा पट्टा. तो त्यांनी डिकीतल्या पिशवी अडकवायच्या प्लॅस्टिकच्या हुकाला लावला होता. तो हूक भाजीच्या पिशवीपुरता असतो, धक्क्याला तुटतो. खरी कडी धातूची असते आणि तिच्याजवळ जहाजाच्या नांगराचं चिन्ह असतं. हॅचबॅकमध्ये ती बहुतेक वेळा मागच्या सीटच्या पाठीवर डिकीच्या बाजूने सापडते, सेडानमध्ये मागच्या काचेखालच्या फळीवर झाकणाखाली. पट्टा हेडरेस्टच्या दोन दांड्यांमधून न्यायचा, वरून नाही.

तिसरी चूक दिशेची. मूल 9 किलोचं झालं म्हणून सीट पुढे तोंड करून लावलं होतं. जुन्या युरोपीय मानकाच्या, म्हणजे आर44 च्या लेबलवर 9 ते 18 किलो असा गट लिहिलेला असतो, त्यावरून हा समज होतो. नव्या आर129 मध्ये 15 महिन्यांपर्यंत मूल मागे तोंड करूनच बसलं पाहिजे असा नियम आहे, आणि ती किमान मर्यादा आहे. कारण शरीराचं आहे. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं आणि जड, मानेचे मणके अजून पुरते हाडाचे झालेले नसतात. समोरून धडक बसली की पुढे तोंड करून बसलेल्या बाळाचं धड पट्टे धरून ठेवतात आणि डोकं एकटं पुढे जातं. मागे तोंड असेल तर डोकं, मान, पाठ सगळी एकदम सीटच्या पाठीत दाबली जातात आणि जोर पसरतो. तुमचं बाळ दहा महिन्यांचं, म्हणजे प्रश्नच नाही: मागे तोंड. पाय दुमडले जातात म्हणून वळवू नका, ते अडचणीचं नसतं. डोक्याचा वरचा भाग सीटच्या कडेला येऊ लागला किंवा लेबलवरची उंची-वजनाची मर्यादा गाठली, की मग पुढचं बघायचं.

चौथी चूक स्वेटरची. निफाडची थंडी सगळ्यांना माहीत आहे, पहाटे निघायचं म्हणून मुलाला जाड जॅकेट घालून वरून पट्टे लावले होते. बाहेरून घट्ट दिसत होते. पट्ट्यांना हात न लावता जॅकेट काढलं, तर पट्टा आणि छाती यांच्यात माझी मूठ मावली. धडकेत कापूस चेपतो आणि तेवढी ढिलाई राहते. पातळ कपड्यांवर पट्टे लावा आणि शाल किंवा गोधडी वरून पांघरा.

ते सीट आयसोफिक्सवर उलटं कसं बसवलं, ते क्रमाने सांगतो, तुमच्या कामी येईल. आधी सीटचे दोन्ही दांडे पूर्ण बाहेर काढले, कड्यांवर ढकलले, दोन्हीकडे ‘टक’ आवाज आला आणि दोन्ही खुणा लालच्या हिरव्या झाल्या. एक हिरवी आणि एक लाल म्हणजे बसलेलं नाही. मग गुडघ्याने दाबत सीट पाठीकडे रेटलं. त्या सीटला टेदर होता आणि त्याच्या पुस्तकात दोन्ही दिशांना तो लावायला सांगितलं होतं, म्हणून लावून ताणला. काही सीटना टेदरऐवजी खाली टेकणारा पाय असतो. तो फ्लोअरवर घट्ट टेकला पाहिजे. मागच्या फ्लोअरखाली सामानाचा कप्पा असलेल्या गाडीत झाकणावर टेकवू नका, झाकण खचतं. मग सीटचा कल बाजूच्या रेषेवर आणला, कारण फार उभं राहिलं तर झोपलेल्या बाळाची हनुवटी छातीवर टेकते आणि श्वासाला अडथळा होतो. शेवटी, जिथे सीट गाडीला जोडलेलं आहे तिथे धरून हलवून बघितलं. अडीच सेंटीमीटरपेक्षा जास्त हललं तर पुन्हा पहिल्यापासून. तिथे हललं नाही.

आतल्या पट्ट्यांचं असं: मागे तोंड असताना ते खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून यायला हवेत, पुढे तोंड असताना रेषेत किंवा किंचित वरून. पीळ नको. ओढून झाल्यावर गळ्याच्या हाडाजवळ पट्टा चिमटीत धरून बघा. चिमटीत घडी आली तर ढिला आहे.

तुमच्या गाडीत आयसोफिक्स नसेल तर तीन टोकांच्या बेल्टने सीट बसतं, चांगलं बसतं. सीटवर बेल्टचा मार्ग रंगाने दाखवलेला असतो: मागे तोंड असेल तर निळा, पुढे तोंड असेल तर लाल. बसवताना सीटवर गुडघा देऊन भार टाका आणि बेल्ट ओढा. बकल सीटच्या प्लॅस्टिकच्या कडेवर अडकून वाकत असेल तर ती जागा बदला, धडकेत तिथेच बकल तुटू शकतं.

विकत घेताना केशरी रंगाचं लेबल आणि त्यावर वर्तुळात ‘ई’ अक्षर बघा, किंवा भारतीय मानक एआयएस-072. ऑनलाइन मिळणारे नुसते कापडी पट्टे, ज्यांना कवचच नाही, ते बेबी सीट नव्हेत. कोणाकडून वापरलेलं घेत असाल तर त्या गाडीचा अपघात झाला नव्हता हे खात्रीने माहीत असलेल्याच घरातून घ्या, आणि प्लॅस्टिकवर छापलेली मुदत तपासा.

आता चिन्हं, थोडक्यात. लाल लागला तर थांबायचं, पिवळा लागला तर लवकर दाखवायचं, हिरवा-निळा म्हणजे काहीतरी चालू आहे, जसं हाय बीम. लाल तेलाची कुपी म्हणजे ऑईलचं प्रेशर गेलं, गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करायचं. लाल थर्मामीटर म्हणजे इंजिन तापलं. येताना कसारा घाटात हा लागला तर बाजूला थांबा, आणि गरम असताना कूलंटचं झाकण उघडू नका. वर्तुळात उद्गारचिन्ह लाल असेल तर हँडब्रेक ओढलेला आहे. हँडब्रेक खाली असूनही वळणावर लुकलुकत असेल तर ब्रेक ऑईल कमी झालंय, बहुतेक वेळा ब्रेक पॅड झिजल्यामुळे. त्या अवस्थेत घाट उतरू नका. पिवळं इंजिन स्थिर असेल तर चालवत वर्कशॉपला आणा, लुकलुकत असेल तर रेटू नका. घोड्याच्या नालेसारखं पिवळं म्हणजे टायरमध्ये हवा कमी.

तुमची गाडी सेकंडहँड आहे म्हणून एक खास: बसलेला माणूस आणि समोर गोळा, हा एअरबॅगचा लाईट. चावी ऑन केली की तो काही सेकंद लागून विझला पाहिजे. विझत नसेल तर एअरबॅगच्या यंत्रणेत बिघाड आहे. मुळात लागतच नसेल तर जास्त शंका घ्या, कारण बिघाड झाकण्यासाठी लाईट काढून टाकलेल्या गाड्या बाजारात असतात. ही तपासणी स्कॅनर लावून आधी करून घ्या.

मागच्या दाराचा चाइल्ड लॉक दाराच्या कडेला लॅचजवळ असतो, दार उघडल्यावर दिसतो. दोन्ही दारांचा वेगवेगळा लावावा लागतो. ड्रायव्हरच्या दारावर काचेचं चित्र आणि काट असलेलं बटण दाबलं की मागच्या काचांची बटणं बंद होतात.

बेल्टचा टीं-टीं आवाज बंद करायला बकलमध्ये खोटी क्लिप घालतात, ती तुमच्या गाडीसोबत आली असेल तर फेकून द्या. 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना त्या क्लिपा काढून टाकायला लावल्या, तरी अजून दिसतात.

आणि ‘आमची पोरं अशीच वाढली’ हे वाक्य. आमच्या नात्यातही हा वाद जुना आहे, म्हणून स्पष्टच लिहितो. जी पोरं वाढली तीच हे वाक्य ऐकायला समोर असतात. तेव्हा मुंबई-आग्रा रस्त्यावर आजचा वेग नव्हता, आज समृद्धीवर कारला 120 ची मर्यादा आहे. ‘गाडीला पाच स्टार आहेत’ हेही चालत नाही. भारत एनकॅपमध्ये, म्हणजे गाड्यांना हे स्टार देणाऱ्या चाचणीत, मुलांच्या सुरक्षेचे 49 गुण असतात, आणि त्यातल्या धडकेच्या चाचण्यांत दीड आणि तीन वर्षांच्या आकाराचे डमी बेबी सीटमध्ये बसवलेले असतात. मांडीवर बसवलेल्या बाळाची चाचणी तिथे होतच नाही. कायदाही आहे: मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 ब नुसार 14 वर्षांखालचं मूल बेल्टने किंवा बेबी सीटने सुरक्षित नसेल तर 1000 रुपये दंड. ‘आपल्या घाटात गाडी हळूच चालते’ म्हणणाऱ्यांनी वरचा 50 चा हिशेब पुन्हा वाचावा. वडीलधाऱ्यांचा मान ठेवायचा, पण बाळ कुठे बसेल हे आई-वडिलांनी ठरवायचं.

काही गोष्टी राहिल्या. ठाण्यापर्यंत सलग जाऊ नका, एवढ्या लहान बाळाला सीटमध्ये दोन तासांहून जास्त वेळ ठेवू नये. इगतपुरीला आणि शहापूरला थांबा, बाहेर काढा, पाजा, पाठ मोकळी होऊ द्या. चालत्या गाडीत पाजायला बाहेर काढू नका. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल किंवा श्वासाचा त्रास असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा, माझं ऐकून ठरवू नका. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीतलं बकल चटका देतं, बसवण्याआधी हात लावून बघा, आणि पाच मिनिटांसाठीही बाळाला बंद गाडीत सोडून उतरू नका. गाडीचं मॉडेल आणि साल लिहिलंत तर टेदरची कडी नेमकी कुठे आहे ते खाली सांगतो.