जिवाजी : एका नावात किती जीव?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहणाऱ्या एका काकूंचा प्रश्न आहे. नातवाचं नाव खापरपणजोबांवरून 'जिवाजी' ठेवायचं घरात चाललंय. त्याचा अर्थ काय, ते आलं कुठून, हल्ली कुणी ठेवतं का? शिवाय सुनेचे मामा हिंदीचे निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांचं म्हणणं, खरं नाव नुसतं 'जीवा', पुढचा 'जी' आदराचा, म्हणून तो सुटा लिहावा आणि शाळेच्या दाखल्यावर तर घालूच नये.

मामांचं म्हणणं साफ चूक आहे, ते आधी निकालात काढू. आपल्या ग्वाल्हेरात 'शिवा जी', 'संभा जी', 'जीवा जी' असं तोडून लिहिलेलं पाहून डोळे विटले आहेत. हिंदीत शर्मा असो की वर्मा, कुणाच्याही मागे 'जी' लावायची रीत आहे आणि ती चांगलीच आहे. पण मराठी नावातला 'जी' बाहेरून लावलेला नसतो, तो नावाच्या हाडात असतो. आदर दाखवायचा तर आपण त्याच्याही पुढे राव नाहीतर पंत जोडतो : तुकोजीराव, बाळाजीपंत, जिवाजीराव. 'जी'नेच आदराचं काम भागलं असतं तर रावाला कशाला बोलावलं असतं? आणि आई दारातून 'जिवाजी, ये रे जेवायला' अशी हाक मारते, तेव्हा त्या 'ये रे'त आदर कुठे दिसतो ते मामांनी दाखवावं. महादजीतला 'जी' सुटा काढून पाहा. उरलेल्या 'महाद'चं काय करणार?

अर्थाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. जीव म्हणजे जीव. नावांच्या याद्यांत मात्र 'जीवनावर विजय मिळवणारा' असं काहीबाही छापलेलं असतं. त्यातला विजय जयाजीच्या घरून चोरून आणलेला आहे. जयाजी हे वेगळं नाव, 'जय'वरून आलेलं. जयाप्पा शिंदे त्यातलेच आणि १८४३ मध्ये ग्वाल्हेरच्या गादीवर दत्तक येऊन भगीरथरावांचे जयाजीराव महाराज झाले तेही त्यातलेच. या जयाजीला उत्तरेकडच्या जिभेनं 'जियाजी' केलं आणि बिर्लांनी १९२१ मध्ये गिरणी काढली ती जियाजीराव कॉटन मिल या नावानं. गिरणी बंद पडून किती वर्षं झाली, 'जियाजी' काही बंद पडला नाही. आता निम्म्या गावाला जियाजी आणि जिवाजी एकच वाटतात. जयाजीराव १८८६ मध्ये वारले, त्यांचे नातू जिवाजीराव महाराज १९१६ मध्ये जन्मले. तरी आजोबा आणि नातू एकच आहेत असं समजणारे मला महाराज बाड्याच्या चौकात दर आठवड्याला भेटतात.

आता ह्रस्व की दीर्घ. इथे मात्र आपलेच मराठी शुद्धलेखनवाले आडवे येतात. जीव तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, आणि तत्सम शब्दाचं दीर्घ उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरं अक्षर, सामान्यरूपातही दीर्घच राहतं, म्हणून 'जीवाला' लिहा आणि म्हणून नावही 'जीवाजी' लिहा, असा त्यांचा युक्तिवाद. नियम त्यांना पाठ आहे, कान मात्र घरी ठेवून येतात. जिवाभावाचा, जिवलग, जिवावर बेतणं, जिवाचं रान करणं यांत कुणी दीर्घ उच्चार करून दाखवावा, दात दुखतील. आणि नावांचा तर कारखानाच निराळा आहे. पीर दीर्घ, पण पिराजी ह्रस्व. भीम दीर्घ, भिवा आणि भिवाजी ह्रस्व. मागून 'आ' येऊन बसला की आधीचा स्वर आखडतो. तेव्हा जीव, जिवा, जिवाजी. इथल्या विद्यापीठाचं नाव हिंदीत 'जीवाजी विश्वविद्यालय' लिहितात, ते हिंदीच्या रीतीनं ठीकच आहे. मराठीत लिहिताना ती वेलांटी उसनी आणायचं कारण नाही.

आता खरी गंमत. हा 'जी' आला कुठून?

मामांचं उत्तर मला न विचारता माहीत आहे, कारण ते सगळेच देतात : आर्य, त्याचा प्राकृतात अज्ज, मग अजी, मग जी. आता बघा, आर्यकाचा अज्जअ होऊन आपल्याकडे आजा झाला, त्याच वाटेनं आजी आली. म्हणजे या शब्दानं मराठीला एक आजा आणि एक आजी आधीच देऊन ठेवली आहे. त्या दोघांनी आरंभीचा 'आ' मजबूत धरून ठेवला आणि तिसऱ्यानं मात्र वाटेत टाकून दिला, असं का मानायचं? कुणी तो मुंडा कुळातल्या भाषांतून आला म्हणतात. इतकं लांब जायची मला गरज वाटत नाही, शब्द घरातच आहे.

हिंदीत 'जी घबराता है', 'जी नहीं लगता' म्हणतात. हा 'जी' म्हणजे जीवच. मराठीत जीव घाबरतो, जीव रमत नाही. संस्कृत जीव, प्राकृतात जीअ, हिंदीत जी, इथवर वाद नाही. माझं म्हणणं एवढंच की हाकेतला, होकारातला आणि नावातला 'जी' हाच आहे. आपण ज्याला मान देतो त्याला आधी आयुष्य चिंतितो. लग्नपत्रिकेतलं 'चि.' आठवा. चिरंजीव म्हणजे 'पुष्कळ जग' हा आशीर्वाद. तो इतका मुरला की आपण 'आमचे चिरंजीव इंदूरला असतात' असं म्हणतो आणि त्यात आशीर्वाद होता हे कुणाच्या ध्यानातही राहत नाही. आशीर्वादाचं संबोधन झालं, संबोधनाचं नातं झालं. 'चिरं जीव'चं हे होऊ शकतं, तर नुसत्या 'जीव'चं का नाही?

आणखी पुरावा हवा तर शेजारची उर्दू घ्या. भाईजान, अम्मीजान यांतला 'जान' म्हणजे फारसीतला जीव. आपल्याकडे भावोजी आणि मामंजी. भाईजानला भावोजी समोरासमोर उभे करा, नातं वेगळं, पण घडण जुळते. दोन निरनिराळ्या भाषांना लाडक्या माणसाच्या नात्यामागे जीवच जोडावासा वाटला. याला योगायोग म्हणणाऱ्यांपुढे मी हात टेकले.

आणि हा 'जी' काही हिंदीच्या संगतीनं मराठीत शिरलेला नाही. ज्ञानेश्वरीची पहिलीच ओवी 'ॐ नमो जी आद्या' अशी आहे. तेराव्या शतकात आपण परमेश्वरालाही 'जी' म्हणत होतो. शाहिराच्या मागे झीलकरी 'जी जी रं जी' धरतात, तोही माझ्या हिशेबी हाच, श्रोत्यांना दिलेला 'जिओ, जिओ'. यावर पोवाड्याचे अभ्यासक नाक मुरडतात. मुरडू देत.

तर आता काकू, तुमच्या नातवाच्या नावाची फोड करा. जिवा म्हणजे जीव. जी म्हणजे जीव. म्हणजे जिवाजी हे जीव दोनदा असलेलं नाव आहे, आणि पत्रिकेवर 'चि. जिवाजी' छापलंत की तीनदा. मराठीत दुसरं असं नाव मला सापडलेलं नाही. शिवाजी, संभाजी, तानाजी यांत एकेकदाच आहे. पूर्वी आधीची मुलं हाताला लागली नाहीत की पुढच्याला धोंडू, दगडू, भिकू म्हणत, दृष्ट लागू नये म्हणून. माझ्या मते जिवाही त्याच पाळण्यातला. फरक इतकाच की धोंडू म्हणणाऱ्यांनी नशिबाला फसवायला पाहिलं, जिवा म्हणणाऱ्यांनी सरळ मागणं मागितलं.

हे नाव कुणाकुणाचं होतं? प्रतापगडाखाली १६५९ मध्ये सय्यद बंडाचा वार अडवणारा जिवा महाला सगळ्यांना ठाऊक आहे. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण त्याच्यामुळेच. आपल्या संस्थानाला जवळचे म्हणजे महादजी शिंद्यांचे सेनानी जिवबादादा बक्षी. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत शिंद्यांची फौज त्यांच्याच हाताखाली होती. जिवबातला 'बा' हा जीचाच दुसऱ्या अंगानं केलेला लाड. विठोबातला, ज्ञानोबातला. आणि मग जिवाजीराव महाराज. त्यांचं पुरतं नाव जॉर्ज जिवाजीराव, पंचम जॉर्ज बादशहांवरून. बहिणीचं नाव राणीवरून मेरी, मेरी कमलाराजे. १९४८ ते १९५६ ते मध्य भारताचे राजप्रमुख होते, १९६१ मध्ये गेले, १९६४ मध्ये विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं. आपल्या वाड्यांतून कुणी जॉर्ज धरला नाही हे ठीक, पण जिवाजीही धरला नाही याचं मला नवल वाटतं.

इथेच प्रसाराचा प्रश्न येतो. विद्यापीठ जिवाजी, क्लब जिवाजी, पाळण्यात मात्र कुणी नाही. माधव घरोघरी, तोही महाराजांचंच नाव. म्हणजे राजाचं नाव ठेवायचा संकोच होता असंही म्हणता येत नाही. मला वाटतं माधव देवाचा, म्हणून महाराजांच्या आधीपासून सगळ्यांचा. जिवाजीमागे देव उभा नाही. दुसरं म्हणजे इमारतीचं नाव झालं की माणसाला ते द्यायला जड जातं. 'जिवाजीला जाऊन येतो' म्हटलं की इथे परीक्षेचा फॉर्म आठवतो. महाराष्ट्रात खेड्यापाड्यांत शिवाजी, तानाजी, संभाजी अजून आहेत, जिवाजी तिथेही विरळाच. बैलजोडीला जिवा-शिवा ठेवतील, पोराला नाही. आणि शहरात हल्ली जिवा म्हटलं की लोक मुलगी समजतात. तो 'झिवा', हिब्रू, तेजाचा शब्द, आपल्या जिवाचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

ठेवा म्हणून तर मी म्हणेनच, माझं मत एव्हाना कळलंय तुम्हाला. घरी जिवा म्हणा, लाडात आला तर जिवबा म्हणा, दाखल्यावर मात्र पूर्ण जिवाजी. रोमन लिपीत व्ही की डब्ल्यू यावर भांडू नका. विद्यापीठ डब्ल्यू लिहितं, दोन्ही चालतात. पण मधे जागा सोडू देऊ नका, नाहीतर संगणक 'जीवा' हे नाव धरेल आणि 'जी' हे आडनाव. बारशाच्या पत्रिकेचं प्रूफ स्वतः वाचा. छापखान्यात ते हमखास तोडतात. आणि मामांना वाचायला दिलंत तर ते दीर्घही करतील.