सासऱ्यांची गोळी आणि सोयाबीनवरचं औषध

प्रश्न : डॉक्टर, माझे सासरे ७८ वर्षांचे आहेत. अल्झायमरसाठी त्यांना डोनेपेझिल सुरू आहे. ५ मिलिग्रॅमची गोळी १० ची केल्यापासून त्यांना जुलाब होतात, लघवीही आवरत नाही. सांवेरजवळ आमची शेती आहे. दीर म्हणतात, ही गोळी सोयाबीनवर फवारायच्या औषधासारखंच काम करते, बंद करून टाका. हे खरं आहे का?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : ताई, दिरांचं म्हणणं अर्धं खरं आहे. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस ही फवारणीची कीटकनाशकं आणि तुमच्या घरातली गोळी, तिघांचाही रोख एकाच एन्झाइमवर असतो.

मज्जातंतू स्नायूला, आतड्याला, हृदयाला निरोप देतो तो ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन सोडून. काम झालं की ते लगेच तोडावं लागतं. ते तोडणाऱ्या एन्झाइमचं नाव ॲसिटिलकोलिनेस्टरेज. त्याचा एकेक रेणू सेकंदाला हजारो रेणू तोडतो. त्यालाच अडवलं तर निरोप संपतच नाही. तोंडाला लाळ सुटते, घाम फुटतो, पोटात मुरडा येतो, लघवी आवरत नाही, नाडी मंदावते. मात्रा विषारी असेल तर डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, छाती कफाने भरते, स्नायू आधी फडफडतात आणि मग लुळे पडतात. श्वासाचे स्नायू थकले की जीव जातो. फवारणीच्या दिवसांत असे रुग्ण मी पाहिले आहेत, म्हणून दिरांची भीती मला समजते.

फरक आहे तो पकडीत आणि मात्रेत. डोनेपेझिल एन्झाइमवर बसतं आणि सुटतंही. कीटकनाशक त्याला रासायनिक बंधाने जखडतं; वेळ गेला की तो बंध कायमचा होतो आणि शरीराला नवं एन्झाइम तयार करावं लागतं. अल्झायमरमध्ये मेंदूतल्या ॲसिटिलकोलिन बनवणाऱ्या पेशीच मरत जातात. उरलंसुरलं जास्त वेळ टिकावं एवढाच या गोळीचा हेतू. तिने आजार थांबत नाही, हे मी प्रत्येक घराला आधीच सांगते. पण सासरे नातवाला नावाने हाक मारत असतील, आपल्या हाताने जेवत असतील, तर ते थोडं नाही.

म्हणून गोळी परस्पर बंद करू नका. जुलाब आणि लघवी, दोन्ही तिचेच परिणाम दिसतात. ते मात्रा वाढवल्यावर सुरू झाले, तेव्हा ज्यांनी गोळी दिली त्यांना याच आठवड्यात विचारा की पुन्हा ५ वर यायचं का.

एका गोष्टीत मात्र फार जपा. लघवीसाठी वेगळ्या डॉक्टरांकडे गेलात तर ऑक्सिब्युटिनिन मिळू शकतं. ते ॲसिटिलकोलिनचंच काम अडवतं. म्हणजे एक गोळी ते वाढवणार, दुसरी दाबणार, आणि विसराळूपणा आणखी वाढू शकतो. सर्दीच्या क्लोरफेनिरामिनचंही तेच. घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉल चालू असेल तर ते आवर्जून सांगा, कारण ते आणि डोनेपेझिल मिळून नाडी फार मंदावू शकते. चक्कर येऊन ते पडले, तर उद्यावर ढकलू नका.

आता शेताचं. फवारणी करणाऱ्याला मळमळ, घाम, अंधुक दिसणं सुरू झालं तर 'ऊन लागलं असेल' म्हणून झाडाखाली बसवू नका. तुम्ही स्वतः हातमोजे घाला, त्याचे कपडे काढा, साबणाने अंग आणि केस धुवा. उलटी मुद्दाम काढू नका. १०८ ला फोन करून दवाखान्यात न्या आणि औषधाच्या बाटलीवरचं लेबल बरोबर घ्या. ॲट्रोपिनने कफ आणि मंद नाडी सावरते, पण स्नायूंचा लुळेपणा जात नाही. त्यासाठी प्रालिडॉक्सिम देतात, आणि कीटकनाशकाचा एन्झाइमशी झालेला तो बंध पक्का व्हायच्या आतच त्याचा उपयोग होतो.