लेंडीवरून चाऱ्याचा माग

प्रश्न : आमची माडग्याळी मेंढरे माळावर कुसळी, मारवेल खातात आणि बोरी-बाभळींचा पालाही ओरबाडतात. पानांवरील मेणामुळे जनावराने काय खाल्ले हे लेंडीवरून ओळखता येते, असे ऐकले. हे कसे शक्य आहे?
– एक मेंढपाळ, ता. जत, जि. सांगली

उत्तर : पानांवरील मेणात अल्केन नावाची लांब साखळीची संयुगे असतात. त्यांच्या साखळीतील कार्बन अणूंची संख्या बहुधा विषम, म्हणजे २९, ३१, ३३ अशी असते आणि कोणते अल्केन किती, हे प्रमाण वनस्पतीगणिक बदलते. ही संयुगे फारशी पचत नसल्याने त्यांचा बराच भाग लेंडीतून बाहेर पडतो. लेंड्या वाळवून, दळून त्यांतील अल्केन वेगळे काढतात, गॅस क्रोमॅटोग्राफ यंत्रावर मोजतात आणि माळावरील कोणत्या वनस्पती कोणत्या प्रमाणात खाल्ल्या असता हेच मिश्रण मिळेल, याचे गणित मांडतात. आखूड साखळ्या पोटात अधिक प्रमाणात नाहीशा होतात, त्यामुळे तेवढी दुरुस्ती आधी करावी लागते.

चारा किती खाल्ला, हे काढण्याची युक्ती तर फारच सुरेख आहे. सम संख्येचे अल्केन वनस्पतींत नगण्य असतात, म्हणून ३२ कार्बनांचे अल्केन ठरावीक मात्रेत रोज जनावराला पाजतात आणि लेंडीतील त्याच्या प्रमाणाची तुलना चाऱ्यातून आलेल्या ३३ कार्बनांच्या अल्केनशी करतात. शेजारच्या या दोन साखळ्यांची पोटात होणारी घट जवळपास सारखीच असल्याने भागाकारात ती चूक आपोआप कटते. मेज नावाचे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये ही पद्धत मांडली.

आपल्या माळावर मात्र हे काम सोपे नाही. मोजता येणाऱ्या संयुगांपेक्षा वनस्पती अधिक असतील, तर गणित सुटत नाही. अशा वेळी मेणातील लांब साखळीचे अल्कोहोलही मोजतात किंवा सारख्या वनस्पतींचे गट करतात. पान, देठ आणि शेंग यांतील मेण वेगवेगळे असते, म्हणून बाभळीच्या शेंगांचा नमुना पाल्यापासून निराळा घ्यावा लागतो आणि गवताचाही मेंढरू खुडते तोच कोवळा शेंडा घ्यावा लागतो, बुडखा नव्हे. सरकीच्या पेंडीत असे मेण फारसे नसते. तीही देत असल्यास मधमाशांचे मेण मिसळून तिला वेगळी खूण देता येते.

हे सारे प्रयोगशाळेचे काम आहे. एकाच कळपापुरता प्रश्न असेल, तर मेंढरांमागे फिरून ती काय खुडतात हे ऋतूनुसार वहीत टिपणे अधिक स्वस्त पडेल.